गुंगी औषधाची, पहारा माणसाचा

ॲनेस्थेशियाला सरकारी मराठीत ‘बधिरीकरण’ म्हणतात. विभागाच्या पाटीवर तो शब्द शोभतो. पण अमरावतीच्या इर्विनमध्ये किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या माणसांच्या तोंडी तो कधी येत नाही. तिथे ‘भूल’ असते. “भूल देल्ली का?”, “भूल उतरली का?” आणि आत जरा वेळ जास्त लागला, की दाराकडे बघत हळूच, “भूल जास्त तं नाई झाली?”

भूल म्हणजे विसर, भूल म्हणजे मोह आणि भूल म्हणजे चूकही. पहिला अर्थ या औषधांना चपखल लागू पडतो, तो कसा ते पुढे येईलच. तिसरा अर्थ बाहेर बाकावर बसलेल्यांच्या मनात असतो. फक्त कोणी तो बोलून दाखवत नाही.

पूर्वी भूल म्हटली की मोठे ऑपरेशन, हे समीकरण ठरलेले होते. आता तसे राहिलेले नाही. जठरात दुर्बीण घालायची आहे, लहान मुलाचा एमआरआय काढायचा आहे, निखळलेला खांदा बसवायचा आहे, भाजलेल्या अंगाची पट्टी बदलायची आहे, दाढ काढायची आहे, अशा किती तरी कामांसाठी पूर्ण भूल न देता ‘थोडी गुंगी’ दिली जाते. राजापेठेत असो की रतनलाल प्लॉटमध्ये, रुग्णाला सांगितले जाते ते एकच वाक्य : काही नाही, एक छोटे इंजेक्शन देतो, झोप लागेल. वाक्य धीर देणारे आहे आणि ते चांगल्या मनाने उच्चारलेले असते. पण त्यातला ‘झोप’ हा शब्द खरा नाही.

झोपलेल्या माणसाची मान वाकडी होऊन घोरणे वाढले, की तो आपोआप कूस बदलतो. तोंडात पाणी गेले, तर ठसका लागून उठतो. डास चावला तर हात मारतो. म्हणजे झोपेत शरीराचा राखणदार जागा असतो. गुंगीचे औषध मालकाबरोबर या राखणदारालाही झोपवते. जीभ मागे पडून घसा बुजला, तरी कूस बदलण्याची आज्ञा सुटत नाही. पोटातले वर आले, तर ते फुप्फुसात उतरू शकते आणि ठसका लागत नाही.

शिवाय गुंगीला पायऱ्या असल्या, तरी पायऱ्यांना कठडा नाही. हाक मारली की नीट उत्तर देतो, ती पहिली पायरी. हाक मारून हलके हलवले की ओ देतो, ती दुसरी. दुखेल असे केले तरच हलतो, ती तिसरी. कशालाच प्रतिसाद नाही, ती चौथी, म्हणजेच पूर्ण भूल. डॉक्टर दुसऱ्या पायरीचा डोस देतो. पण रुग्ण दुसऱ्या पायरीवरच थांबेल, याची हमी औषध देत नाही. तेच इंजेक्शन, तोच डोस. तीस वर्षांचा शेतमजूर त्यावर गप्पा मारत राहील आणि सत्तरीची आजी श्वास घ्यायची थांबेल.

हे कळायला माणसाला बरीच वर्षे लागली आणि बरीच किंमतही मोजावी लागली. एडिंबरोच्या जेम्स सिम्पसनने क्लोरोफॉर्म वापरात आणले ते नोव्हेंबर १८४७ मध्ये. तीन महिने उलटायच्या आत, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मने दगावली. मग वाद सुरू झाला : क्लोरोफॉर्म आधी श्वास थांबवते की हृदय?

या वादाचा एक मोठा अंक आपल्या शेजारी, हैदराबादला घडला. आणि शेजारी तरी का म्हणावे? १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला होता, तरी नावापुरता मुलूख निजामाचाच होता. हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचे ठाम मत होते, की क्लोरोफॉर्मने मरतो तो श्वास थांबून. तेव्हा नाडी चाचपत बसू नका, श्वास बघा. ते सिद्ध करण्यासाठी १८८८ मध्ये पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ला निष्कर्ष पटेनात, तेव्हा सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खान यांनी, खर्चासाठी एक हजार पौंड देऊ केले आणि ‘लॅन्सेट’ने लॉडर ब्रंटन या नामवंत औषधशास्त्रज्ञाला हैदराबादला धाडले. १८८९ मध्ये दुसरे कमिशन झाले. दोन्ही मिळून शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि निष्कर्ष पुन्हा लॉरी यांच्याच बाजूने आला. त्याच हैदराबादच्या मेडिकल स्कूलमध्ये रूपाबाई फर्दूनजी ही पारशी तरुणी शिकत होती. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज तिचे नाव घेतले जाते.

लॉरी अर्धेच बरोबर होते. १९११ मध्ये गुडमन लेव्ही याने दाखवून दिले, की हलक्या क्लोरोफॉर्ममध्येही हृदयाची लय एकाएकी बिघडून मृत्यू येऊ शकतो. म्हणजे ‘हृदयाला धोका नाही’ हा लॉरींचा दावा चुकीचा होता. गंमत अशी, की सिद्धान्त चुकला तरी त्यातून निघालेली सूचना टिकली. श्वास बघा. आजही गुंगी देणाऱ्या प्रत्येकाला पहिली तीच शिकवण मिळते.

क्लोरोफॉर्म त्यानंतरही अनेक वर्षे चालले. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी येरवड्याचे कैदी महात्मा गांधी यांच्या अपेंडिक्सचे ऑपरेशन केले ते क्लोरोफॉर्मखालीच. मध्येच विजेचा दिवा गेला आणि काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. ना मॉनिटर, ना ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र. डोक्याशी बसलेल्या माणसाचे डोळे, कान आणि बोटे एवढाच पहारा.

क्लोरोफॉर्म गेले आणि त्याच्या जागी आलेले प्रत्येक औषध ‘हे सुरक्षित’ म्हणूनच आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बार्बिट्युरेट आली. फिट्ससाठी घरोघरी ठाऊक असलेले गार्डिनल त्याच कुळातले. १९६० च्या सुमारास रोश कंपनीच्या लिओ स्टर्नबाखने दुसरे कूळ शोधले. डायझेपाम १९६३ मध्ये बाजारात आले. आपल्याकडे ते ‘काम्पोज’ या नावाने इतके मुरले, की परीक्षेला घाबरणाऱ्या मुलालाही शेजारची काकू अर्धी गोळी सुचवत असे.

या दोन कुळांतला फरक समजून घेण्यासारखा आहे. मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक रसायन आहे. त्याचे काम पेशींना शांत करणे. पेशीच्या भिंतीत छोटी दारे असतात. गाबाने दार उघडले, की क्लोराइडचे कण आत येतात आणि पेशी थंडावते. डायझेपाम आणि त्याची भावंडे स्वतः दार उघडत नाहीत. गाबा दार उघडत असताना त्याच्या हाताला हात लावतात. गाबा जितका, तितकाच त्यांचा जोर. बार्बिट्युरेट मात्र मात्रा वाढली, की गाबाला बाजूला सारून स्वतःच दार उघडते आणि उघडे धरून ठेवते. तिथे मर्यादा उरत नाही. म्हणूनच बार्बिट्युरेटच्या गोळ्यांनी जितके जीव गेले, तितके एकट्या डायझेपामने गेले नाहीत.

या वाक्यातला ‘एकट्या’ हा शब्द विसरू नये. आज गुंगीसाठी सर्रास वापरले जाणारे औषध मिडाझोलाम हे डायझेपामचेच धाकटे भावंड. ते पाण्यात विरघळते, लवकर चढते, लवकर उतरते. सोबत वेदनेसाठी अफूच्या गोत्रातले फेंटानिल देण्याची रीत आहे. फेंटानिल वेगळ्याच दाराने जाते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागला, की मेंदूच्या बुडाशी असलेले केंद्र ‘श्वास घे’ म्हणून हाकारते; फेंटानिल त्या केंद्राला बहिरे करते. १९९० मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा निरोगी स्वयंसेवक होते. नुसत्या मिडाझोलामने कोणाचाच श्वास थांबला नाही. नुसत्या फेंटानिलने सहा जणांचा ऑक्सिजन घसरला, पण श्वास कोणाचाच थांबला नाही. दोन्ही एकत्र दिली, तेव्हा अकरा जणांचा ऑक्सिजन घसरला आणि सहा जणांचा श्वास थांबला. बारांतले सहा, तेही धडधाकट! शेजारी लक्ष देणारी माणसे होती म्हणून कोणाला काही झाले नाही. अमेरिकेतच मिडाझोलाम नवे असताना जे मृत्यू झाले, त्यांतले बहुतेक ऑपरेशन थिएटरमध्ये झालेले नव्हते. तपासणीच्या छोट्या खोल्यांत झाले होते. थिएटरमध्ये पहारा होता, तपासणीच्या खोलीत नव्हता.

मिडाझोलामच्या आणखी एका गुणामुळे आपला ‘भूल’ हा शब्द सार्थ ठरतो. ते आठवण पुसते. दुर्बीण आत असताना रुग्ण डॉक्टरांच्या सूचना पाळतो, कधी कण्हतो, कधी हात धरतो, आणि तासाभराने विचारतो, “झालं काय? मले तं काईच समजलं नाई.” त्याला कळले नव्हते असे नाही, त्याला ते आठवत नाही. आठवत नाही ते दुःख झालेच नाही असे मानावे का, हा प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करतो. वेदनेचे औषध वाचवायचे आणि विसराच्या औषधावर भागवायचे, हे मला तरी योग्य वाटत नाही.

मग आहे ते पांढरे इंजेक्शन. दुधासारखे दिसते म्हणून नातेवाईक हमखास विचारतात, हे काय? ते प्रोपोफॉल. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. १९७७ मध्ये ज्या द्रावणात ते प्रथम माणसांवर तपासले, त्याची ॲलर्जी येऊ लागली म्हणून माघार घ्यावी लागली. शेवटी सोयाबीनच्या तेलात ते विरघळवून, अंड्यातल्या लेसिथिनने त्याचे दूध बनवले आणि १९८६ मध्ये ते इंग्लंडमध्ये आले. अकोला-अमरावतीच्या ज्या शेतांत आपण सोयाबीनचे भाव पडले म्हणून कपाळाला हात लावतो, त्याच दाण्याचे तेल थिएटरच्या ट्रेमध्ये असे जाऊन बसले आहे. या औषधामागचे संशोधक जॉन ग्लेन हे मूळचे जनावरांचे डॉक्टर. २०१८ मध्ये त्यांना लॅस्कर पुरस्कार मिळाला. तेल आणि अंडे म्हटल्यावर त्यात जंतूही मजेत वाढतात. त्यामुळे उघडलेली कुपी ‘उरली आहे’ म्हणून उद्यासाठी ठेवायची नसते.

प्रोपोफॉलने मिनिटाच्या आत शुद्ध हरपते आणि एकाच डोसानंतर पाच-दहा मिनिटांत माणूस डोळे उघडतो. औषध संपले म्हणून नव्हे. रक्ताने ते मेंदूतून उचलून स्नायूंत आणि चरबीत नेऊन ठेवले म्हणून. पाहुणा आपल्या घरून निघाला, पण गावातून गेला नाही. शेजारच्या घरी उतरला आहे. त्यामुळे पुन्हा पुन्हा डोस दिले, की शेजारची घरेही भरतात आणि जाग यायला वेळ लागतो. प्रोपोफॉलला उतारा म्हणून कोणतेही औषध नाही. २५ जून २००९ रोजी मायकल जॅक्सन गेला तो याच औषधाने, सोबत मिडाझोलामच्या कुळातली औषधे होती. झोप येत नाही म्हणून ते राहत्या घरी, शयनगृहात दिले गेले. देणाऱ्या डॉक्टरला २०११ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवण्यात आले. औषध तेच, जे रोज हजारो ठिकाणी सुखरूप दिले जाते. तिथे नव्हती ती यंत्रे आणि नव्हते ते लक्ष.

या सगळ्यांत केटामाइनची जात निराळी. १९६२ मध्ये ते प्रथम बनवले गेले, १९७० मध्ये अमेरिकेत परवाना मिळाला. ते गाबाच्या वाटेला जात नाही. रुग्णाचे डोळे उघडे असतात, पण तो तिथे नसतो. श्वास बहुधा चालू राहतो, रक्तदाब उतरण्याऐवजी चढतो. म्हणून जिथे साधने थोडी, त्या तालुक्याच्या दवाखान्यांचा आणि युद्धभूमीवरच्या तंबूंचा ते आधार ठरले. उतरताना विचित्र स्वप्ने पडतात, लाळ सुटते, हा त्याचा त्रास. मेळघाटातल्या वाघाला डार्ट मारतात, त्यातही बहुधा केटामाइनच असते, जोडीला झायलाझीन. सिनेमात सुई लागताच वाघ कोसळतो. प्रत्यक्षात त्याला आडवे व्हायला पाच-दहा मिनिटे किंवा अधिक वेळ लागतो. आणि आडवा झाला, की वनखात्याचा डॉक्टर पहिल्यांदा बघतो ती त्याची छाती, वर-खाली होते की नाही.

झायलाझीनची गंमत अशी, की बैलाला ते घोड्याच्या साधारण दहाव्या हिश्शाने पुरते. प्राण्याप्राण्यांत इतका फरक, तर माणसामाणसांत का नसावा? आणि ऑपरेशनपूर्वी बैलालाही उपाशी ठेवावे लागते, नाही तर पोट फुगते, रवंथाचे वर येते. बैलाला चारा बंद करताना आपण कुरकुर करत नाही. पोराच्या बाबतीत मात्र आजीचा जीव राहत नाही. “लेकरू सकायपासून उपाशी आहे, एक बिस्कुट तं देल्लं,” असे थिएटरच्या दारात कळते, तेही पाचव्यांदा विचारल्यावर. नियम कठीण नाही : साधे पाणी दोन तास आधीपर्यंत, अंगावरचे दूध चार तास, हलके खाणे किंवा वरचे दूध सहा तास, तेलकट-मटण आठ तास. दुधाचा चहा पाण्यात धरायचा नाही, तो खाण्यात धरायचा.

लपवले जाते ते फक्त बिस्किट नव्हे. रोज पिणाऱ्याचे यकृत औषधाला सरावलेले असते, त्याला जास्त मात्रा लागते. तोच माणूस पिऊन आला असेल, तर थोड्या मात्रेतही बुडतो. हे बायकोला माहीत असते, पण दिरासमोर ती बोलत नाही. खर्रा खाणारा “नाई, तसं काई नाई” म्हणतो. रात्रीची झोपेची गोळी ‘औषधात’ मोजलीच जात नाही. घोरताना मध्येच श्वास अडकतो, हे तर घरात विनोदाचा विषय असते. भूलतज्ज्ञासाठी ती सर्वांत मोलाची माहिती. चार माणसांत सांगायला संकोच वाटत असेल, तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगावे.

२०२१ च्या फेब्रुवारीत करोनाची दुसरी लाट राज्यात आधी उसळली ती अमरावती-अकोल्याकडे. तेव्हा गुंगी हा शब्द घराघरांत पोचला. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला नळी सहन व्हावी म्हणून दिवसेंदिवस गुंगीत ठेवावे लागे, नातेवाईक फोनवर विचारत, “बाबा बोलत काऊन नाईत?” दिवसेंदिवस चाललेले औषध चरबीत साठते, हे वर आलेच. म्हणून दिवसातून एकदा औषध थांबवून रुग्णाला जागे करून बघण्याची पद्धत आहे. शिकागोत १२८ रुग्णांवर झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे केल्याने व्हेंटिलेटरच्या दिवसांचा मध्यक ७.३ वरून ४.९ वर आला होता. आता डेक्समेडेटोमिडीन नावाचे झायलाझीनचे नातलग अतिदक्षता विभागात रुळले आहे. त्याची गुंगी झोपेच्या बरीच जवळ जाते आणि श्वास फारसा दबत नाही. नाडी मात्र मंदावते, तेव्हा पहारा आहेच. वयस्कर माणसे गुंगीतून उठताना दोन-चार दिवस भ्रमात बडबडतात, ओळखत नाहीत. ती बाहेरची बाधा नव्हे. चष्मा, कानाचे यंत्र आणि ओळखीचा आवाज द्यावा, बहुतेक वेळा उतरते.

त्याच काळात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी आला. जपानच्या ताकुओ आओयागी यांची ती १९७४ ची कल्पना. यंत्र उत्तम, पण नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल, तर श्वास थांबल्यावरही काही मिनिटे आकडा ९८ दाखवू शकतो. म्हणून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र हवे आणि यंत्राकडे बघणारे माणूस हवे. “भूलवाल्याचे वेगळे पैसे कायले?” हा बिलाच्या खिडकीवरचा नेहमीचा वाद. इंजेक्शन टोचायला अर्धे मिनिट लागते हे खरे. पैसे उरलेल्या वेळाचे असतात. दुर्बीण घालणाऱ्याचे डोळे दुर्बिणीत असतात. तेव्हा ‘थोडी गुंगी देऊ’ म्हटल्यावर एवढेच विचारावे : त्या वेळी श्वासाकडे कोण बघणार आहे? आणि जो दुसरे काहीही न करता तेच करणार आहे, त्याच्याशी घासाघीस करू नये.

घरी जाताना दोन गोष्टी. लहान मुलाला तपासणीपूर्वी ट्रायक्लोफॉसचे गोड औषध पाजले असेल, तर त्याचा अंमल कित्येक तास रेंगाळतो. बसमध्ये किंवा मोटारसायकलवर मांडीत घेतलेल्या लेकराची हनुवटी छातीला टेकली, की श्वासनळी दुमडते. मान सरळ धरावी, तोंडावर पदर टाकू नये आणि नीट जागे होऊन पाणी प्यायल्याशिवाय दवाखान्यातून हलूच नये. मोठ्या माणसाने त्या दिवशी गाडी चालवू नये, कडबा कटरला हात लावू नये. आणि शहरात आलोच आहोत तर लगे हात वावराची इसार-चिठ्ठीही करून टाकू, असा बेत असेल तर तो दुसऱ्या दिवसावर ढकलावा. चोवीस तासांत केलेली सही त्याची असेल, पण ती केल्याचे त्याला आठवेलच असे नाही.